न ओळखलेलं चित्र

"शिंगं आहेत ती," सॅमसन म्हणाला. "पाण्यातनं दोन शिंगं वर आलीत. यासीन, आता तरी हो म्हण की."

फळ्यासमोर स्टुलावर बसलेल्या यासीननं मान हलवली. नाही.

"म्हणजे 'बुडालेला बोकड'," मल्लू म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय."

"तू पहिल्यापासून प्रत्येक चित्राला बोकडच सांगतोस. मागं बाईंनी समई काढली तेव्हा पण बोकड म्हणालास."

"ती समई बोकडासारखी दिसत होती." मग माझ्याकडे बघून त्यानं जीभ चावली. "म्हणजे लांबनं, बाई."

यासीनला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. त्यानं डाव्या हातातला खडू खाली ठेवला आणि मान भिंतीच्या बाजूला थोडी कलती करून तो बसून राहिला. आतल्या खोलीतून कुणी हाक मारतंय आणि शब्द नीट कळत नाहीत, अशा वेळी माणूस बसतो तसा.

त्या भिंतीपलीकडे खोली नव्हती. भिंतीला फक्त तंबोरे लावून ठेवलेले होते.

ही मिरजेतली गोष्ट. तिला आता बरीच वर्षं झाली. बाबूभाई शिकलगारांचा तंबोरे करायचा कारखाना होता. खाली ते स्वतः आणि त्यांचे कारागीर काम करत. वरच्या माडीवर वाळायला टांगलेले मोठमोठे भोपळे असत आणि तयार होत आलेली वाद्यं. दर रविवारी दुपारी ती माडी त्यांच्या मुलाला, यासीनला, आणि त्याच्या मित्रांना मिळे. ही सगळी माझ्या हाताखालून गेलेली मुलं. मी त्यांना शाळेत चित्रकला शिकवली होती. नववीत असताना त्यांना हेवी मेटल गाण्यांचं वेड लागलं आणि ते कामधंद्याला लागल्यावरही उतरलं नाही. मिरजेच्या उन्हात ही मुलं काळे टीशर्ट घालून हिंडायची. धिप्पाड सॅमसनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. अंगानं बारीक मल्लू, म्हणजे मल्लिकार्जुन, काकांच्या खताच्या दुकानात बसायचा. यासीन वडिलांच्या हाताखाली शिकत होता. चौथा अभिनंदन मगदूम, तो त्या दुपारी नव्हता.

त्यांचा एक खेळ होता. एकानं मनात एक गाणं धरायचं आणि फळ्यावर चित्रं काढून ते बाकीच्यांकडून ओळखून घ्यायचं. अक्षर काढायचं नाही, आकडा काढायचा नाही, तोंड उघडायचं नाही. ज्यानं ओळखलं त्यानं स्वतः उठून फळा पुसायचा. हा त्याचा मान. कुणालाच ओळखता आलं नाही तर मात्र चित्र पुसायचं नाही. ते आठवडाभर तसंच ठेवायचं आणि पुढच्या रविवारी काढणाऱ्यानं त्याच चित्रात आणखी एका खुणेची भर घालायची.

मला त्या गाण्यांतलं काही कळत नसे. पण त्यांची नावं चित्रं काढायला फार चांगली. कवट्या, वटवाघळं, तुटके मुकुट, जळणारी देवळं. कवटी काढताना आधी डोळ्यांची भोकं नाही, आधी गालाचं हाड, हे मी त्यांना तिथं शिकवलं. इंग्रजी नावं माझ्या लक्षात राहत नसत म्हणून मी त्यांची मराठी करून घेतली होती: 'राखेची मेजवानी', 'गंजलेला देव', 'मेलेल्या राजाचं लग्न'. पुढं ही मुलंही तीच नावं वापरायला लागली.

मी तिथं जायला लागले ती बाबूभाईंमुळे. यासीनच्या मोटारसायकलला अपघात झाला, डोक्याला मार लागला. महिनाभरानं तो नीट शुद्धीवर आला तेव्हा त्याचे शब्द गेले होते. बोललेलं समजायचं, बोलता यायचं नाही. लिहायला घेतलं की अक्षरं सांडून जायची. उजवा हात लुळा पडला होता आणि अपघाताचा अख्खा दिवस डोक्यातून पुसला गेला होता. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या हाताला काहीतरी काम द्या. बाबूभाई माझ्या घरी आले, चप्पल दाराबाहेर काढून उभे राहिले.

"बाई, तुम्ही लहान मुलांना शिकवता तसं शिकवा त्याला. अगदी पहिलीपासून."

मी पहिलीपासून शिकवलं. आडवी रेघ, उभी रेघ, गोल. डावा हात रुसलेल्या मुलासारखा असतो, ओढून नेला तर येत नाही. दिवाळीपर्यंत तो पेला काढू लागला, संक्रांतीपर्यंत झाड. मग सॅमसन म्हणाला, आता याला खेळात घेऊ या. खेळात तसंही बोलायचं नसतंच. त्या एका गोष्टीत यासीन आणि आम्ही सारखे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यानं पहिल्यांदा ते चित्र काढलं. फळ्याच्या वरच्या भागात खडकाची एक उभी भिंत, तिच्या कडेवरून आत झुकलेलं एक झाड, आणि खाली पाणी. पाणी म्हणजे खडू आडवा धरून घासून भरलेला पांढरा भाग, जवळजवळ झाडाच्या मुळापर्यंत. बाकी काही नाही.

सॅमसन आणि मल्लूनं माहीत असलेली सगळी पाण्याची गाणी सांगून टाकली. मग विहिरींची, मग थडग्यांची. यासीन प्रत्येकाला नाही म्हणाला. शेवटी मल्लू म्हणाला, "हरलो. राहू दे फळ्यावर."

पुढच्या रविवारी यासीननं पाण्याची वरची पट्टी तळहातानं पुसली आणि तिथं खडक काढला. पाणी खाली गेलं.

"ही खूण काय?" सॅमसन म्हणाला. "पाणी आटतंय? 'तहानलेला समुद्र'?"

नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी पाणी आणखी खाली. खडकावर त्यानं आडव्या फिकट रेघा ओढल्या. मी त्या रेघांकडे बघत राहिले. पाणी आटत गेलं की दगडावर त्याचे पट्टे राहतात. हे खरं; पण हे मनानं कुणी काढत नाही. आटलेलं पाणी काढ म्हटलं तर मूल पाणी खाली काढतं आणि मोकळं होतं. पट्टे काढतं ते पाहिलेलं मूल. झाडाचंही तसंच. मनातलं झाड दोन्ही बाजूंना सारखं असतं. या झाडाची डावीकडची फांदी मध्येच मोडून खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाला एक चिंधी अडकलेली होती.

चूक एकच होती. सगळं फार वर होतं. काठ, झाड, आभाळ, सगळं फळ्याच्या वरच्या कडेला टेकलेलं.

"यासीन, तू काठावर उभा आहेस ना?" मी म्हणाले. "मग काठ इतका उंच कसा दिसेल? पाणी खाली दिसायला हवं. वरून बघतोयस तू."

मी खडू घेऊन कडेला एक छोटं चित्र काढून दाखवलं. त्यानं ते शांतपणे बघितलं, आणि पुसलं. रागानं नाही. चुकीच्या घरी आलेलं पार्सल माणूस परत करतो तसं.

"असू दे बाई," सॅमसन हळूच म्हणाला. "मेटल आहे. त्यात सगळं उलटंच असतं."

त्याच दुपारी तंबोरा मी पहिल्यांदा ऐकला. कुणी काही वाजवत नव्हतं. खाली कारागीर जेवायला गेले होते. आणि भिंतीला टेकवलेल्यांपैकी एका तंबोऱ्यातून, अगदी बारीक, माशी काचेवर घुटमळावी तसा आवाज यायला लागला. यासीनची मान तिकडे कलली होती. बाबूभाई चहा घेऊन वर आले तेव्हा मी त्यांना विचारलं.

"तार बोलते कधीकधी," ते म्हणाले. "तार जुळलेली असली आणि तोच सूर कुठं वाजत असला, की हात न लावता बोलते. आमच्या धंद्यात नवं नाही हे."

"पण कुठं काय वाजतंय आत्ता?"

त्यांनी कप खाली ठेवले. "आपल्याला ऐकू येत नाही बाई. तेवढ्यावरनं वाजत नाही असं कसं म्हणायचं?" थोड्या वेळानं त्यांनी त्या तंबोऱ्याच्या दांडीवरून बोट फिरवलं. "ह्याचं आणि अभिनंदनच्या गिटारचं लाकूड एका ओंडक्याचं. त्यानं हट्टच धरला होता, चाचा, इलेक्ट्रिक गिटार तुमच्या हातची पाहिजे. दिली करून. घराण्यात कुणी केली नव्हती असली वस्तू."

अभिनंदन त्यांच्यातला सगळ्यात चांगला वाजवणारा. वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं, त्यांना मुलगा गल्ल्यावर हवा होता. आदल्या ऑगस्टमध्ये, राखी पौर्णिमा होऊन थोडे दिवस झाले होते, बापलेकांचं जोरात भांडण झालं. संध्याकाळी अभिनंदन गिटार पाठीला लावून, स्वतःची गाडी काढून बाहेर पडला. बेंगळुरूला एका बँडमध्ये जातो, म्हणाला, परत येणार नाही. यासीन त्याला आपल्या गाडीवरून हद्दीपर्यंत सोडायला गेला. पाऊस होता. यासीन त्याच रस्त्यावर एका वळणावर सापडला. गाडी मिरजेकडे तोंड करून पडलेली. म्हणजे मित्राला सोडून परत येताना पडला, असं सगळ्यांनी धरलं. अभिनंदनचा त्यानंतर फोन नाही. वडिलांनी पोलिसांत नाव दिलं, पण सांगून, भांडून, स्वतःच्या गाडीवर गेलेला मोठा मुलगा. ते तरी कुठं शोधणार.

"बघायला पण आला नाही यासीनला," मल्लू एकदा म्हणाला होता. "एवढा मोठा झाला का तो?"

अभिनंदनची बहीण सन्मती मार्चपासून माडीवर यायला लागली. जिन्याजवळ बसायची, खेळात भाग घ्यायची नाही. अक्षय्य तृतीयेनंतर तिचं लग्न होतं. तिला वाटायचं, भाऊ कुठं गेला ते यासीनला सांगून गेला असणार. गावाचं नाव, माणसाचं नाव, काहीतरी. चित्रातून तरी निघेल.

"लग्नात कान पिळायला भाऊ लागतो, बाई," ती मला जिन्यात म्हणाली होती. "मामाचा मुलगा तयार आहे. पण आई ऐकत नाही. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात, तर ती रोज त्याचं ताट वाढून बसते. दिवे लागले की उठते आणि ताट गाईला घालते. एक दिवस चुकलेला नाही. तो कुठं आहे एवढं कळलं ना, तर मी जाऊन त्याच्या पाया पडून घेऊन येईन. नाही आला तर मीच पिळेन त्याचा कान."

तर त्या रविवारी यासीननं पाणी आणखी खाली नेलं होतं आणि त्यातून ती दोन शिंगं वर आली होती. चित्रात अगदी पुढं, मोठी, दोन बाजूंना वळलेली. सॅमसननं त्यांच्या पद्धतीप्रमाणे मधली दोन बोटं मिटून करंगळी आणि तर्जनी वर केली, यासीनच्या तोंडासमोर नाचवली.

"सैतान? 'सैतानाची अंघोळ'?"

नाही.

"'शेवटचा बैल'?"

नाही. तंबोरा वाजायला लागला होता. आज जरा मोठ्यानं. सॅमसननं उठून तारांवर तळहात दाबला. आवाज थांबला. हात काढला, पुन्हा आला. तो पँटला हात पुसत परत येऊन बसला.

मी फळ्याजवळ गेले. यासीनच्या शेजारी खाली बसले, लहान मुलांच्या शेजारी बसते तशी, म्हणजे माझे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीत येतील.

"यासीन, हे मनानं काढतोस की बघून?"

तो विचारात पडला. खरंच विचारात पडला, जणू त्यालाही आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मग त्यानं बोट उचललं. मला वाटलं डोळ्याकडे नेईल. त्यानं ते कानाला लावलं.

"ऐकून?"

हो.

"गाणं आहे का हे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवली. नाही. इतके रविवार आम्ही कोणतं गाणं हेच विचारत आलो होतो. गाणं आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"बाई," मागून सन्मतीचा आवाज आला. ती जिन्याजवळून उठून आली होती. "ही शिंगं सारखी का नाहीत?"

खरंच नव्हती. डाव्या शिंगाला वर एक देठ होता आणि देठावर गोल. उजव्याला नुसता देठ, मध्येच तुटलेला. आणि डाव्या शिंगाच्या मुळाशी काहीतरी लोंबत होतं, फुलाएवढं.

"बोकडाच्या शिंगाला गोल कशाला असेल?" मल्लू म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

सन्मतीनं त्या लोंबणाऱ्या वस्तूजवळ बोट नेलं, टेकवलं नाही.

"हा गोंडा आहे. राखीचा. त्याच्या हाताला घट्ट व्हायला लागली म्हणून त्यानं गाडीला बांधली. मी चिडले होते त्याच्यावर." ती थांबली. "उजवा आरसा फुटका होता त्याचा. नवीन बसव म्हणून बाबा रोज ओरडायचे. शिंगं नाहीत ही. हँडल आहे."

यासीननं मान हलवली. वरखाली. हो.

सॅमसन म्हणाला, "पण हे पाण्यात का काढलंय?" आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला.

"यासीन जिथं पडला, तिथं काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही बाई. वळण आहे. बाभळी आहेत रस्त्याच्या कडेला."

"बाभळींच्या मागं?"

सॅमसन मल्लूकडे बघायला लागला. उत्तर मल्लूनं दिलं. "खडीची जुनी खाण आहे. बंद पडलेली. पावसाळ्यात काठापर्यंत भरते, जमीन कुठली पाणी कुठलं कळत नाही. शेवाळ येतं वर."

"आपण गेलो होतो की तिथं," सॅमसन म्हणाला. "यासीनची गाडी आणायला. मी त्या काठावर उभा राहून फोनवर बोललोय. म्हणजे सोडून परत येत नव्हता हा, मदत आणायला वळला असणार."

मल्लूनं दुकानाचा टेम्पो आणला. मी आणि सन्मती पुढं, सॅमसन मागं खताच्या रिकाम्या पोत्यांवर. यासीनला नेलं नाही, बाबूभाई त्याच्याजवळ थांबले. ऊन इतकं होतं की डांबर ओलं असल्यासारखं चमकत होतं. वळणावर उतरून आम्ही बाभळींतून आत गेलो. मी डोक्यावर छत्री धरली होती.

झाड तेच होतं. डावीकडची फांदी मोडून लोंबत होती, टोकाला चिंधी होती. समोरच्या खडकावर आटलेल्या पाण्याचे पट्टे, एकाखाली एक. आणि खाली, हिरव्या पाण्यातून, दोन काळे दांडे वर आले होते. एकावर आरसा. आरशात आभाळ होतं.

शेळ्या राखणारी एक म्हातारी आमच्या आवाजानं काठावर आली. हातात काठी, शेजारी एक करडा बोकड. तीही वाकून बघायला लागली.

"आठवड्यामागं न्हवतं ह्ये," ती म्हणाली. "परवा परवा वर आलं. मला वाटलं लाकूड हाय. तुमचं काय हाय का, बायांनो?"

"हो," सन्मती म्हणाली. "आमचं आहे."

आम्ही तसेच ओळीनं उभे राहिलो, वाकून. मग सॅमसन जरा लांब जाऊन पोलिसांना फोन करायला लागला. सन्मतीला मी सावलीत बसवलं. आणि मला स्वतःला काही करायला हवं होतं म्हणून मी खाणीच्या काठानं चालत गेले. ज्या जागेवरून ते चित्र तसं दिसेल ती जागा मी शोधत होते. शिक्षकाची खोड. झाड वर, समोरचा खडक उंच, हँडल पुढं आणि मोठं. मी पूर्ण फेरी मारली. काठावरून हँडल कुठूनही लहानच दिसत होतं, खाली, लांब. अशी जागाच नव्हती.

पोलीस आले, गावातले पोहणारे आले, अभिनंदनचे वडील आले. आम्हाला बाजूला केलं. दिवस कलेपर्यंत गाडी वर आली, तिच्याखाली अडकलेला तो वर आला, आणि त्याच्या पाठीला पट्ट्यानं घट्ट बांधलेली गिटार. कातडी पिशवी कुजली होती. वडील गिटारजवळ जमिनीवर बसले आणि तिच्यावरचं शेवाळ धोतराच्या टोकानं पुसत राहिले.

सन्मती रडली नाही. परत निघताना मल्लूला म्हणाली, "आधी माडीवर चल."

"घरी नको का? तुझी आई..."

"आई आत्ता ताट वाढून बसली असेल. ती दिवे लागेपर्यंत उठत नाही, तोवर मी पोचते. मी ओळखलंय ना चित्र? मग मला पुसायचंय ते."

माडीवर पश्चिमेच्या खिडकीतून उजेड होता. भोपळ्यांच्या सावल्या भिंतीवर लांब झाल्या होत्या. यासीन स्टुलावरच होता, बोटं खडूनं पांढरी. बाबूभाई जिन्याच्या तोंडाशी उभे होते. आमचे चेहरे बघून त्यांना विचारावं लागलं नाही.

"तुम्ही गेलात, आणि थोड्या वेळानं यानं पुन्हा खडू घेतला," ते म्हणाले. "पहिलं पुसलं नाही. बाजूला काढलं. मला वाटतं, तुमचीच वाट बघत होता."

जुन्या चित्राशेजारी नवं होतं. खडकाचा काठ, अगदी वर. त्यावर ते झाड. आणि काठावरून खाली वाकून बघणारी माणसं, ओळीनं. एक धिप्पाड. एक बारीक, कमरेवर हात ठेवलेला. एक ओढणी घेतलेली. एक छत्री धरलेली. आणि जरा बाजूला काठी घेतलेलं एक वाकलेलं माणूस, शेजारी दोन शिंगांचा प्राणी.

मल्लूनं त्या प्राण्याकडे बघितलं. बोकड हा शब्द त्या दिवशी त्याच्या तोंडून निघाला नाही.

"म्हातारीचं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं," सॅमसन म्हणाला. "फोनवर पण नाही."

मी चष्मा पुसून पुन्हा लावला. काठ उंच होता, कारण बघणारा खाली होता. हँडल मोठं होतं, कारण ते समोर होतं, गाडीवर बसलेल्या माणसाला दिसतं तसं. आणि मी त्याला वरून बघायला शिकवत होते.

सन्मती फळ्याजवळ उभी राहून एकेका डोक्यावरून नजर फिरवत होती. मोजत होती जणू.

"सगळे आहेत," ती म्हणाली. "तोच तेवढा नाही यात."

शाळेत हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारायचं. सहलीचं चित्र काढून आणायचं आणि मग घाबरून म्हणायचं, बाई, यात मी कुठंच नाही. त्या मुलांना मी जे सांगायचे तेच माझ्या तोंडी आलं.

"जो बघतो तो चित्रात येत नाही, बाळ."

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. तिनं पुन्हा फळ्याकडे तोंड केलं, आणि वाकून बघणाऱ्या त्या ओळीच्या खाली, रिकाम्या काळ्या जागेत, जिथून बघितलं जात होतं तिथं, तळहात टेकवला. बराच वेळ.

मग ओढणीच्या टोकानं तिनं फळा पुसला. आधी हँडल, मग पाणी, मग आम्हाला. झाड सगळ्यात शेवटी. खिडकीबाहेर कुणाच्या तरी घरात दिवा लागला. माडीवर इतकी शांतता होती की खडूची भुकटी खाली पडताना ऐकू आली असती. भिंतीजवळचा तंबोरा गप्प होता.

स्टुलावर यासीननं कलती मान सरळ केली.